टायफॉईडची तालीम

मला इंजेक्शन द्यायला शिकवलं ते भोपाळच्या जुन्या शहरात, बुधवाऱ्याजवळच्या कुरैशी डॉक्टरांनी, कच्च्या पपईवर. पपई आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणातली होती. माझ्या वडिलांनी, नानांनी, ती कापडी पिशवीतून नेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवताना ते असे अवघडले की जणू लाच देत आहेत. डॉक्टर म्हणाले, "इसको चमड़ी समझो बिटिया. हाथ सीधा रखो. डरना मरीज का काम है, तुम्हारा नहीं." मग त्यांनी एका कागदावर गोल काढून त्याचे चार भाग केले आणि सांगितलं की कुल्ल्याचे असे रोटीसारखे चार चतकोर समजायचे आणि फक्त वरच्या, बाहेरच्या चतकोरात टोचायचं, कारण बाकीच्या ठिकाणी नस असते. मी पपईला बरंच टोचलं. तिचा पांढरा चीक बोटांना लागला आणि बसमध्ये घरापर्यंत चिकटत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या आईला टोचलं. मी तेव्हा अकरावीत होते.

आईला क्षय झाला होता. हा शब्द मी आज लिहिते आहे, पण तेव्हा आमच्या घरात तो कुणी उच्चारला नाही. 'आईचं ते' एवढंच म्हणायचं. बरखेड्याला कारखान्याची चाळीसारखी एकाला एक लागलेली क्वार्टर्स, पाच मिनिटांवर कारखान्याचाच दवाखाना, तिथे औषध फुकट, डॉक्टर फुकट. पण तिथे नाव नोंदवलं असतं तर दुसऱ्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत टूलरूममधल्या शेवटच्या माणसाला कळलं असतं की फोरमनसाहेबांच्या बायकोच्या छातीत काय आहे. म्हणून नाना आईला, तिच्या तोंडाला पदर लावून, दोन बस बदलून जुन्या शहरात नेत. तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. रोज कंपाउंडर घरी आला असता तर शेजारच्या मिश्रा आंटींनी विचारलं असतं, आणि रोज दोन बसमध्ये धक्के खाण्याइतकी आईत ताकद नव्हती. राहता राहिले मी.

आमचे नाना म्हणजे साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला, टापटिपीचा, कडक इस्त्रीचा माणूस. बरखेड्यातल्या मराठी मंडळाचे ते कित्येक वर्षं चिटणीस होते. गणपतीत आरतीला टाळ कुणी चुकीचा वाजवला तर ते आरती थांबवत. लोकांना त्यांचा आदर वाटे, आम्हाला भीती वाटे, आणि त्यांना या दोहोंत फरक असतो हे माहीत नसावं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ते इतक्यांदा म्हणत की मला लहानपणी वाटे, आपल्याकडे खरंच कुठेतरी सव्वा लाख आहेत. माझी मोठी बहीण, ताई, नागपूरला मामाकडे राहून बी.ए. करत होती. तिच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. तिलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. 'आईला अल्सर आहे' असं नानांनी कळवलं होतं, आणि ताई बिचारी दर पत्रात अल्सरवर जिरं-धण्याच्या पाण्याचे उपाय लिहून पाठवायची.

त्या वर्षाचे आवाज मला आजही ऐकू येतात. पहाटेचा भोंगा, नळाला पाणी आल्यावर बादलीत पडणारी पहिली धार, पातेलीत उकळताना काचेच्या सिरिंजचं कडेला किणकिणणं. आणि रेडिओ. आईला खोकल्याची उबळ आली की रेडिओ मोठा करायचा, असा नानांचा हुकूम होता. भजन असो, बातम्या असोत, शेतकऱ्यांना सल्ला असो, आई खोकायला लागली की मी कणकेच्या हातानं धावत जाऊन बटण फिरवायची. आई बिचारी पदर तोंडात कोंबून, डोळ्यांनीच मला 'लाव, लाव' म्हणायची. मिश्रा आंटी एकदा कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "आप लोगों के यहाँ भजन बहुत सुनते हैं, अच्छा लगता है." मी हसून हो म्हटलं होतं. कुरैशी डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली होती. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. नाना ती कामावरच्या डब्यातून आणत, मी मागच्या खोलीत स्टोव्हवर उकडायची, आणि टरफलं चुरून त्याच पपईच्या झाडाखाली पुरायची. आई डोळे मिटून, नाक दाबून, रामरक्षा म्हणत अंडं गिळायची. त्या वर्षी पपईला फळं फार लागली, आणि मराठी मंडळातल्या बायका आमच्याकडची पपई मागून नेत. त्यातल्या निम्म्या कडकडीत सोवळ्याच्या होत्या. मला त्याचं हसू येई, आणि त्या वर्षी हसू यावं असं दुसरं फारसं काही नव्हतं.

भोंग्याआधी उठून सिरिंज उकळायची, बाटलीतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी सोडून ती हलवायची, आईला टोचायचं, नानांचा डबा, माझी शाळा, परत येऊन आईचे कपडे वेगळे उकळून धुणं, रात्रीचा स्वयंपाक. पुस्तक उघडलं की डोळा लागायचा. दहावीला मी शाळेत पहिली आले होते. मंडळाच्या गणपतीत नारळ आणि पेन देऊन माझा सत्कार झाला होता. अकरावीला मी फिजिक्समध्ये नापास होऊन सप्लिमेंटरी आणली आणि बाकीच्यात कशीबशी तरले. नानांनी गुणपत्रिका वाचली, घडी घातली आणि मला म्हणाले की घरकाम काय जगातल्या सगळ्याच मुली करतात. त्यांना कारण माहीत होतं. त्या कारणासाठी अंडी तेच आणत होते. तरीही ते असं बोलले, आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बारावीपर्यंत आई बरी झाली होती, अंगावर मांस आलं होतं, खोकला गेला होता, आणि मी पुन्हा शाळेत वरच्या नंबरात आले. असा माझा आलेख. वर, खड्ड्यात, पुन्हा वर.

मला डॉक्टर व्हायचं होतं हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी आईला सुई टोचली तेव्हा ती कळवळली होती, पण महिन्याभरानं आई म्हणाली होती, "आज टोचलंस कधी? मला कळलंच नाही." त्या एका वाक्यावर मी माझं सगळं आयुष्य ठरवून टाकलं. त्या वयात माणूस तेवढ्यावर ठरवतो, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही ते कारण पुरेसं वाटतं. पण राज्याच्या पीएमटीत, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, माझं नाव आलं नाही. अर्धा अभ्यासक्रम अकरावीचा होता आणि अकरावी मी पातेल्यात उकळली होती. उरलं होतं ते विदर्भातलं एक कॉलेज. तिथे वेगळी लेखी परीक्षा घेत, आणि तीत निवडलेल्यांची मुलाखत. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका बघत, आणि पालकांना सोबत बोलावत. या कॉलेजची माहिती आम्हाला कळवली ती घाटेकाकांनी. ताईसाठी जे स्थळ चाललं होतं, त्या मुलाचे हे सख्खे काका. ते त्याच कॉलेजच्या ऑफिसात होते. त्यांनी आपुलकीनं अर्ज पाठवला, मी लेखी परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. घरात बऱ्याच दिवसांनी शिरा झाला. मग नानांच्या लक्षात आलं की मुलाखतीत अकरावीबद्दल विचारणार, आणि त्या खोलीत घाटेकाका असणार.

त्यावर नानांनी जो उपाय काढला तो फक्त आमच्याच घरात निघू शकत होता. त्यांनी ठरवलं की मला अकरावीत टायफॉईड झाला होता असं सांगायचं. टायफॉईड हा बरा आजार. त्याला इभ्रत असते. तो होतो, जातो, आणि पुढच्या पिढीकडे बोट दाखवत नाही. टूलरूममधल्या एका ऑपरेटरच्या मुलाला तो नुकताच होऊन गेला होता. नानांनी डब्याच्या सुट्टीत त्याच्याकडून सगळी माहिती काढून घेतली. संध्याकाळचा चहा झाला की ते लोखंडी घडीच्या खुर्चीत बसत, मी समोर उभी, आणि तालीम सुरू होई. ताप कधी चढायचा, किती चढायचा, जीभ कशी दिसायची, काय खायला द्यायचे. मी अडखळले तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी म्हटलं, "नाना, ते सगळे डॉक्टर असतील." नाना म्हणाले, "म्हणूनच नीट पाठ कर." डॉक्टरांसमोर जाऊन रोगाची थाप मारायची, याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण नानांना एवढंच कळत होतं की टूलरूममध्ये तयारी केली की काम होतं. मी आज हे आठवून हसते, आणि हसताना दात आवळलेले असतात.

निघायच्या आदल्या दिवशी नाना कामावर असताना आई प्रवासासाठी दशम्या करत होती. मी लाटत होते, ती भाजत होती. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "नंदा, उद्या विचारलं तर खरं सांग." मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं की भिंतीपलीकडून तिला रोजची तालीम ऐकू येते. ती म्हणाली, "सांग, माझ्या आईला क्षय झाला होता. सुया मी टोचल्या. स्वयंपाक मी केला. म्हणून मार्क गेले." तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, ताईचं काय, घाटेकाका तिथे असतील. ती म्हणाली, "ताईचं ताईच्या नशिबानं होईल. तुझं मी अडवलं, तुझं मीच सोडवणार. नानांना मी बघते, तू भिऊ नकोस." आईनं नानांना बघितलंय असं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तरी त्या दिवशी मला ते पटलं. तिनं दशम्यांबरोबर लसणीची चटणी बांधून दिली आणि माझ्या कपाळाला हात लावून तीच बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागे चार डॉक्टर होते. मधल्या खुर्चीत एक वयस्क बाई होत्या, पांढरे केस, साधं सुती लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी घाटेकाका एकेकाची फाईल काढून देत होते. माझ्याकडे बघून ते हसले. त्या हसण्यात ओळख होती, होऊ घातलेलं नातं होतं, आणि तेच मला सगळ्यात जड झालं. मोठ्या बाईंनी तिन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या आणि वैदर्भी हेलात म्हणाल्या, "दहावीत असे, बारावीत असे. मग मधलेच काहून गेले गं, बेटा?" माझ्या तोंडात दोन उत्तरं होती, आईचं आणि नानांचं. मी कोपऱ्याकडे बघितलं. ताईचा चेहरा माझ्यासमोर आला. मी म्हटलं, टायफॉईड झाला होता.

त्यांनी ताप विचारला, मी सांगितला. जीभ विचारली, तीही सांगितली. तालीम पक्की होती. मग एका तरुण डॉक्टरांनी सहज विचारलं की इंजेक्शनं घ्यावी लागली का. इतका वेळ मी उसन्या पाण्यात हातपाय मारत होते. हा प्रश्न आला आणि पायाखाली माझी स्वतःची जमीन लागली. मी बोलत सुटले. पावडर असते, त्यात पाणी सोडून बाटली तळहातात फिरवायची, फेस होऊ द्यायचा नाही. सिरिंज आधी उकळायची. वरच्या बाहेरच्या चतकोरात टोचायचं, रोज बाजू बदलायची, गाठ आली तर शेकायचं. रोज द्यायचं, दोन महिने. आणि त्याबरोबरच्या गोळ्यांनी लघवी लाल होते, तर घाबरायचं नाही. तरुण डॉक्टर मला निरखत राहिले होते आणि मला मूर्खासारखं वाटलं की ते खूश झाले आहेत. कदाचित झालेही असतील.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या शांतपणे म्हणाल्या की टायफॉईडला अशी इंजेक्शनं देत नाहीत, आणि स्वतःच्या मागे स्वतः कुणी टोचत नाही. "हे तू दुसऱ्या कुणाला दिलंस. घरी कुणाला होतं?" त्या म्हणाल्या, "असं असेल तर सांगून टाक. इथं आम्ही नुसते मार्क पाहत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं घरात एवढं केलं असेल, तर त्या सप्लिमेंटरीचं मला काही नाही." कुणीतरी माझ्यासाठी दार सताड उघडून धरलं होतं. फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची परवानगी माझ्या गाठीला होती. कोपऱ्यात घाटेकाकांचा फाईली चाळणारा हात थांबला होता. मी त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिले. बाईंना वाटलं पोर बुजली आहे. त्यांनीच घाटेकाकांना सांगितलं, वडिलांना आत बोलवा.

नाना आत आले, नमस्कार केला, सांगितल्यावर बसले. बाईंनी सरळ विचारलं, घरात कुणाला क्षय झाला होता का. नानांनी घाटेकाकांकडे बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा स्वतःवर ताबा होता.

"नाही," ते म्हणाले.

"मग ही पोरगी इंजेक्शन द्यायला कुठं शिकली?"

"मला कल्पना नाही. कुठे पाहिलं असेल, वाचलं असेल. हिला रचून सांगायची सवय आहे."

"आणि टायफॉईड?"

"टायफॉईड हिला कधी झालाच नाही. ते हिनं मनानंच ठरवलेलं दिसतंय. मी आत्ता ऐकतोय."

महिनाभर घडीच्या खुर्चीत बसून माझी जीभ तपासणारा माणूस हे बोलत होता, आणि त्याच्या आवाजात जराही कंप नव्हता. बाईंनी विचारलं, मग अकरावीला झालं काय. नाना म्हणाले, "लक्ष नव्हतं. मैत्रिणी, सिनेमे. वय असतं तसं." त्यांनी मान थोडी खाली घातली, जसा एखाद्या भल्या बापाला मुलीच्या वागण्याचा संकोच वाटावा. घाटेकाकांचा हात पुन्हा चालू झाला. बाई मात्र नानांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "हे म्हणतात ते खरं आहे?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? बापाला त्याच्या होणाऱ्या व्याह्यांसमोर खोटं पाडून ताईचं लग्न मोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि त्या वयात ते कुणात असतं असं मला वाटत नाही. बाईंनी तिन्ही गुणपत्रिका एकावर एक ठेवल्या आणि फाईल बंद केली. "शिकवायचं सगळं आम्ही इथं शिकवतो," त्या म्हणाल्या, "पण खरं बोलणं घरूनच यावं लागतं. जा तुम्ही." निकाल लागायची वाट बघायला नको होती. मला अजून वाटतं की त्या भल्या बाईनं त्या दिवशी जे केलं ते त्यांच्या जागी बरोबर होतं, आणि म्हणूनच त्यांचं वाक्य मला नानांच्या वाक्यांपेक्षा जास्त लागलं.

बाहेर व्हरांड्यात घाटेकाका दोन मिनिटांसाठी आले. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की मुलं अशीच असतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि मोठीची बैठक आता लवकर उरकून घेऊ. नानांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी तिथेच उभी होते, पण मी तिथे नसल्यासारखं ते बोलणं झालं. परतीच्या गाडीत नानांनी मला खिडकीची जागा दिली, स्वतः उतरून कुठल्याशा स्टेशनवर पेरू आणले, तिखट-मीठ लावून दिले. भोपाळ जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "शहाण्यासारखी वागलीस." त्यांनी आयुष्यात माझं कौतुक केलं ते तेवढंच. दहावीला पहिली आले होते तेव्हाही त्यांनी दुसऱ्या नंबराच्या मुलाचे मार्क विचारले होते. मी पेरू खाल्ला. भूक लागली होती.

ताईचं लग्न झालं, चांगलं झालं. जावई सज्जन निघाले. तिची मुलगी आज नागपुरात डॉक्टर आहे, कातडीची, आणि मला फोनवर माझ्या सुरकुत्यांसाठी मलमं सांगते. मी बी.एस्सी. केलं, भोपाळमध्येच शाळेत जीवशास्त्र शिकवलं, संसार केला, आता अयोध्या नगरातल्या या फ्लॅटमध्ये सकाळी उशिरा उठते. हल्ली प्रवेशाला मुलाखत नसते. कागदावर गोल काळे करायचे आणि कॉम्प्युटरवर यादीत नाव बघायचं. शेजारच्या मुलीची आई त्या पद्धतीला शिव्या देते, म्हणते, पोरांची अडचण कुणी विचारतच नाही. मी ऐकून घेते. विचारणारे भेटले तरी काय होतं, हे तिला कशाला सांगू.

आता उरलं ते सांगते. आम्ही घरी पोचलो तेव्हा आई दारात होती. तिनं तांदूळ ओवाळून टाकले, पाय धुवायला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात पाट मांडले. साधं वरण, भात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर होती. ती नानांना काही विचारत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू परीक्षा तिनंच दिली आहे. नानांनी भात कालवता कालवता सांगून टाकलं, "नाही झालं. अकरावीचं विचारलं त्यांनी. हिला काही सांगता आलं नाही."

आईचा वाढता हात थांबला. ती मला म्हणाली, "विचारलं होतं त्यांनी?"

मी मान हलवली.

"सरळ विचारलं होतं? घरी कुणाला होतं म्हणून?"

मी पुन्हा मान हलवली. नाना ताटात बघून जेवत होते. मला तेव्हा बोलता आलं असतं. एका दमात सगळं सांगता आलं असतं, या माणसानं तिथे काय केलं ते. पण मग आईला कळलं असतं की तिचा आजार चार अनोळखी डॉक्टरांसमोर कबूल करण्यापेक्षा तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या मुलीला लबाड ठरवणं पसंत केलं. तिनं दोन वर्षं स्वतःची समजूत घालून ठेवली होती की नाना लपवतात ते पोरींसाठी, त्यांना माझी किळस नाही. तिला त्याच घरात, त्याच माणसाबरोबर राहायचं होतं. दोघांपैकी एकाला तिची लाज वाटली हे तिला त्या दिवशी कळणारच होतं, नवऱ्याला किंवा मुलीला. मुलीचं ती सोसेल असं मला वाटलं. मी खाली बघितलं.

"लाज वाटली तुला माझी," आई म्हणाली. ओरडून नाही, मीठ कमी पडलंय हे लक्षात यावं तशा आवाजात. मग तिनं मला भात वाढला, त्यावर वरण घातलं, तूप घातलं. पुढे तिनं ती गोष्ट कधी काढली नाही. माझ्यावर राग धरला नाही, माझ्या बाळंतपणाला आली, माझ्या मुलांना न्हाऊमाखू घातलं. फक्त माझ्या घरी कुणी पाहुणे यायचे असले की ती मला विचारायची, मी आतल्या खोलीत बसू का. दरवेळी विचारायची. मी नको गं म्हणायची, आणि ती आत जाऊन बसायची.

ती गेली ती म्हातारपणानं, छातीनं नव्हे. शेवटच्या आठवड्यात तिला बोलायला दम लागत होता. मी उशाशी होते, नाना समोरच्या खुर्चीत. त्यांचं तोपर्यंत सगळं थकलं होतं, कान मात्र शाबूत होते. आईनं माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "नंदा, त्या मुलाखतीचं मनात ठेवू नकोस हं. लहान होतीस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

मी नानांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी थांबले, खरंच थांबले. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, आणि आता तर घरात लग्नाची मुलगी नव्हती, कोपऱ्यात घाटेकाका नव्हते, ऐकायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

नाना म्हणाले, "तिला फार बोलायला लावू नकोस. झोपू दे आता."

मी आईला म्हटलं, "बरं." तिनं समाधानानं डोळे मिटले.